कंट्रोलचं वावर

आमच्या कारंज्यात ‘पेपर’ या शब्दाचे दोनच अर्थ चालतात. एक, सकाळी दारात पडतो तो. दुसरा, परीक्षेत पोरांना सोपा किंवा अवघड जातो तो. मी बरीच वर्षं तिसऱ्याच अर्थाच्या पेपरांत रमलो आहे, आणि तो अर्थ मला सख्ख्या मेहुण्यालाही समजावून सांगता आलेला नाही. कॉलेजात इंग्रजी शिकवून मी निवृत्त झालो तेव्हा तो म्हणाला, “आता कायले लोकाईचे पेपर घेऊन बसता भाऊजी? सुटले ना एकदाचे.” मी म्हटलं, हे तपासायचे नसतात, तयार करून द्यायचे असतात. त्यावर त्याने आवाज खाली आणला. “फोडता काय?” त्याच्या नजरेत तेवढ्यापुरता माझ्याविषयी आदर दिसला.

तर खुलासा करतो. विज्ञानाच्या माणसाने काही संशोधन केलं, की ते एखाद्या शोधपत्रिकेत छापून यावं लागतं. त्याशिवाय पीएच.डी. नाही, बढती नाही, आणि संस्थेच्या वार्षिक अहवालात फोटो नाही. संशोधन त्या माणसाचं असतं. इंग्रजी मात्र पुष्कळदा कुणाचंच नसतं. तिथे मी लागतो. वाशिम, मालेगाव, मंगरूळपीरपासूनचे प्राध्यापक पेनड्राइव्ह खिशात घालून माझ्याकडे येतात आणि म्हणतात, “सर, थोडं पाहून द्या.” थोडं या शब्दाचा अर्थ फाइल उघडल्यावर कळतो.

शोधनिबंधाची रचना ठरलेली असते. आधी सारांश, मग प्रस्तावना, मग काय केलं आणि कसं केलं, मग काय दिसलं, मग त्याचा अर्थ काय, आणि शेवटी संदर्भ. यातला ‘कसं केलं’ हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. तो वाचून ब्राझीलमधल्या माणसालाही तेच जसंच्या तसं करता आलं पाहिजे. पाककृतीत ‘चवीपुरतं मीठ’ चालतं, इथे चालत नाही. संदर्भांची तऱ्हा वेगळीच. एका पत्रिकेला वर्ष कंसात हवं असतं, दुसरीला कंस पाहूनच संताप येतो, तिसरीला नावाच्या आद्याक्षरांमधलं टिंब नको असतं. माझ्या आयुष्याचा मोठा भाग टिंबं टाकण्यात आणि काढण्यात गेला. उरलेल्या वेळात मी विशेषणांचं निंदण केलं. आमच्या भागातल्या निबंधांत विशेषणं गाजरगवतासारखी येतात. वरून कापून भागत नाही, मुळातून उपटावी लागतात.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. मृदाशास्त्राचे एक प्राध्यापक होते. दुसऱ्याचं लिखाण उचललेलं पकडणारं सॉफ्टवेअर निघालं, तेव्हा ते फार अस्वस्थ झाले. मग त्यांनी उपाय शोधला. उचललेल्या मजकुरातला प्रत्येक शब्द शब्दकोशातून बदलायचा. त्यांचा निबंध माझ्याकडे आला तेव्हा त्यात ‘डार्क फॅब्रिक डर्ट’ नावाचा पदार्थ पानोपानी होता. मी अर्धा दिवस डोकं खाजवलं. शेवटी लक्षात आलं, ही आपली ‘ब्लॅक कॉटन सॉइल’. पिढ्यान् पिढ्या ज्या काळ्या मातीत आम्ही कापूस घेतला तिची त्यांनी काळपट कापडी घाण करून टाकली होती. मी तसं सांगितलं तर म्हणाले, “पन सर, सापडलं तं नाही ना मशीनले?” त्यांचं म्हणणं खरं होतं. मशीनला सापडलं नव्हतं.

दुसरे रसायनशास्त्राचे विभागप्रमुख. त्यांनी लेखकांची यादी अशी करून आणली की मला वाटलं चुकून लग्नपत्रिका उघडली. संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य, सचिवांचे चिरंजीव, मग ते स्वतः, आणि सर्वांत शेवटी ज्या पोराने प्रयोग केला तो. ‘आपले आगमनोत्सुक’ एवढंच लिहायचं राहिलं होतं. यादीत एक नाव ‘कै.’ लावून होतं. ते संस्थेचे संस्थापक. मी म्हटलं, प्रत्येक लेखकाला पत्रिकेकडून ईमेल जातो, त्याने स्वतः संमती द्यावी लागते. त्यांनी थोडा विचार केला. “नातू हाये ना त्याहीचा,” ते म्हणाले, “थो दाबन बटन.”

अशा माणसांविषयी पुष्कळ लिहिता येईल. पण मला सांगायचं आहे ते प्रणिताच्या निबंधाविषयी, कारण एका शब्दामुळे काय होऊ शकतं हे मी इंग्रजीचा मास्तर असूनही तोवर पुरतं शिकलो नव्हतो.

प्रणिता राऊत प्राणिशास्त्र शिकवायची, तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास तितकी प्राध्यापक, बाकी वेळ नुसती प्रणिता. पीएच.डी. झाल्याशिवाय पक्क्या जागेच्या मुलाखतीला कोणी उभं करणार नव्हतं, आणि तिच्या विद्यापीठाचा नियम असा की निबंध छापायला स्वीकारल्याचं पत्र जोडल्याखेरीज प्रबंध सादर करता येणार नाही. तिच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. वाढवून मिळायची होती तेवढी मिळून झाली होती. निबंध वेळेत स्वीकारला गेला नाही, तर एवढ्या वर्षांचं काम रद्दीत. हे ती मला रडत नाही, हसत सांगायची. मला रडणारी गिऱ्हाइकं बरी वाटतात.

तिचा विषय होता रोही आणि साड्या. रोही म्हणजे नीलगाय. नावात गाय असल्याने तिला कोणी मारत नाही आणि अंगाने घोड्याएवढी असल्याने ती कोणाला भीत नाही. हरभरा जरा वर आला की रोह्यांचा कळप वावरात, म्हणजे शेतात, शिरतो आणि सकाळी फक्त खुंट शिल्लक असतात. म्हणून आमच्याकडे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काठ्या रोवून जुन्या साड्या बांधतात. वाऱ्याने साडी फडफडली की रोही बुजतं, असा समज आहे. हिवाळ्यात एसटीतून जाताना अख्ख्या तालुक्याचं धुणं वाळत पडल्यासारखं दिसतं. हा समज खरा की खोटा, हे आजवर कोणी मोजलं नव्हतं. प्रणिताने मोजायचं ठरवलं. काही वावरांना साड्या, काही वावरं तशीच उघडी, आणि दर काही दिवसांनी जाऊन खाल्लेली झाडं मोजायची. जी उघडी ठेवली त्यांना शास्त्राच्या भाषेत ‘कंट्रोल’ म्हणतात. जिथे काही केलं त्याची तुलना करायला, काहीच न केलेलं हाताशी लागतं, ते कंट्रोल.

मोजणीतून निघालं असं की साडी बांधा न बांधा, फारसा फरक पडत नाही. प्रणिताचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, फरक नाही हाही निष्कर्षच असतो. तिच्या मार्गदर्शकांचं मत वेगळं होतं. त्यांना आपण मार्गदर्शकच म्हणू. त्यांना स्वतःलाही तेच आवडतं. त्यांनी निबंधाला जे शीर्षक सुचवलं त्यात ‘नॉव्हेल’, ‘इको-फ्रेंडली’ आणि ‘पॅराडाइम’ हे तिन्ही शब्द होते. साडी मात्र नव्हती. मी तिन्ही काढून साडी घातली. आम्ही निबंध पत्रिकेच्या संकेतस्थळावर चढवला.

तो लगेच परत आला. परीक्षकांपर्यंत गेलाच नव्हता. कार्यालयातूनच शेरा होता की कंट्रोल वावराचं छायाचित्र पुरेसं स्पष्ट नाही. साहजिक होतं, फोटो व्हॉट्सॲपवरून आला होता आणि व्हॉट्सॲप फोटोचं जे करतं ते रोही हरभऱ्याचं करत नाही. प्रणिता मूळ फोटो घेऊन आली. आम्ही तो माझ्या मोठ्या पडद्यावर लावला. तेवढ्यात माझी बायको चहा घेऊन आली. ती शाळेत शिक्षिका होती. कॉपी पकडण्यात तिची हयात गेली आहे.

“हे कोणतं वावर?” तिने विचारलं.

“हे साडी न बांधलेलं, काकू,” प्रणिता म्हणाली.

“मग त्या बोरीले काय लटकून राह्यलं?”

आम्ही फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. धुऱ्यावरच्या बोरीच्या काट्यात बोटभर रुंदीची एक चिंधी अडकलेली होती. बायकोने चष्मा वर केला. “जरीचा काठ आहे,” ती म्हणाली, “अन् जुनापुराणा नाही. असा काठ कोणी वावरात नेत नाही.”

प्रणिताने चहा खाली ठेवला. “सर, हे विश्वासकाकांचं वावर,” ती म्हणाली. “सगळ्या कंट्रोलमध्ये ह्याच वावरात नुकसान सगळ्यात कमी झालं होतं. मी रोह्यांचा रस्ता तिकडून नसन समजून सोडून दिलं.”

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने मंगरूळपीरला गेलो आणि तिथून ऑटोने आसेगावच्या अलीकडे उतरलो. विश्वासराव वावरातच होते. साठीचा, उंच, बोलण्यात सावकाश माणूस. चांगली ओलिताची जमीन, गावात शब्दाला वजन. वावराच्या कोपऱ्यात, अगदी रस्त्याला लागून, प्रणिताने लावलेला पत्र्याचा बोर्ड अजून उभा होता. ‘प्रयोग क्षेत्र क्र. ३. कंट्रोल.’ अक्षर ठळक होतं. ऑटोतूनही वाचता येत होतं.

प्रणिताने मोबाइलवर फोटो उघडून दाखवला. विश्वासरावांनी तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं.

“पकडलं म्हना की,” ते म्हणाले.

“काका, तुमाले सांगतलं होतं ना, इथं काहीच बांधायचं नाही म्हनून. तुमी हो म्हटलं होतं.”

“म्हटलं होतं. शब्द देल्ला होता. म्हून तं तू यायच्या दिवशी सोडून ठेवत होतो. तू फोन करूनच येत होती.”

“पण बांधल्या काहून?”

विश्वासरावांनी बोर्डाकडे हात केला. “हे काय लिवलं?”

“कंट्रोल.”

“मंग? मी कंट्रोलचा मानूस हाव काय?”

प्रणिता बघत राहिली. मला उलगडा झाला. आमच्याकडे, आणि बहुधा साऱ्या महाराष्ट्रात, कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. कंट्रोलचे गहू, कंट्रोलची साखर, कंट्रोलची रांग. आणि या गावातल्या एका बागायतदाराच्या वावरावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं, आम्ही ते पत्र्यावर रंगवून ठेवलं होतं.

“पह्यल्या दिवशीच तो गावातला पांडुरंग थैली घेऊन आला,” विश्वासराव सांगू लागले. “म्हने दादा, गहू कधी येऊन राह्यले? दुसरा म्हने, तुमाले पिवळं कार्ड भेटलं म्हंते. पारावर बसनं बंद झालं माहं. बोर्ड काढता येत नाही, पोरीले शब्द देल्ला. मंग म्हटलं, बोर्ड राहू दे. पन पाहनाऱ्याले समजलं पाह्यजे का हा कंट्रोलचा मानूस नाही.”

“म्हणून साड्या?”

“लोकं जुन्या बांधते. म्या चांगल्या बांधल्या. कपाटातल्या. दोन शालू होते, एक ते रेशमाची. रस्त्यानं जानारा एकेक जन उभा राहून पाहे.” त्यांच्या आवाजात थोडी चमक आली. “अन् सांगतो तुले, रोही फिरकलं बी नाही.”

प्रणिता धुऱ्यावर बसली. तिच्या प्रयोगात, जिथे एकही साडी असायला नको होती, तिथे सगळ्या प्रयोगातल्या सर्वांत उत्तम साड्या होत्या.

“पोरी, नुकसान झालं काय तुहं?” विश्वासरावांनी विचारलं. तिने काय असेल ते सांगितलं. निबंध, मुदत, सगळं. त्यांनी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला. मग म्हणाले, “काही लिहून द्याचं असन तं देतो. फक्त घरी सांगू नको. साड्या तिच्या होत्या.”

उघड्या ठेवलेल्या बाकी वावरांतही प्रणिता त्याच आठवड्यात, या वेळी फोन न करता, जाऊन आली. तिथल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारलं. तिथे कोणी काही बांधलं नव्हतं. तिथले बोर्ड रस्त्यापासून आत होते. मग तिने तिसऱ्या क्रमांकाचं वावर बाजूला काढून आकडे पुन्हा मांडले. चित्र बदललं. साड्यांनी फरक पडत होता, आणि चांगला ठळक पडत होता.

आता खरा पेच पुढे. मार्गदर्शकांना फोन लावला. सारं ऐकून ते प्रसन्न झाले. “मग अडचण काय आहे? ते क्षेत्र वगळा. छायाचित्र दुसरं टाका. निष्कर्ष उत्तम आलेला आहे.”

“सर, का वगळलं ते लिहावं लागेल,” प्रणिता म्हणाली.

“काय लिहिणार आपण? शेतकऱ्याला रेशन दुकान आठवलं? आंतरराष्ट्रीय पत्रिका आहे ती. हसतील लोक. माझं नाव आहे त्याच्यावर.”

“आणि मी फोन करून जात होते, हेपण लिहावं लागेल.”

“राऊत मॅडम, आपल्याकडे किती वेळ शिल्लक आहे याची कल्पना आहे ना आपल्याला?”

तिला होती. ती माझ्यासमोर बसली होती आणि फोन टेबलावर होता. गुपचूप वगळलं तर कोणालाही कधीच कळलं नसतं, निबंध झटक्यात गेला असता. ती म्हणाली, “सर, न सांगता वगळलं तर मीपण काकांसारखं पाहणीच्या दिवशी साड्या सोडून ठेवल्यासारखंच होईल.” मार्गदर्शक रागावले की शुद्ध बोलतात आणि फार रागावले की बोलतच नाहीत. पण त्यांच्या मंजुरीशिवाय निबंध पुढे जाणार नव्हता.

एवढ्या वर्षांत मला या वर्गातल्या माणसांचं एक कळलं आहे. त्यांना सत्याने हलवता येत नाही, पण लांब शब्दाने येतं. मी फोन जवळ ओढला आणि म्हटलं, “सर, आपण याकडे सहभागींच्या स्थानिक संज्ञाबोधाचा प्रश्न म्हणून पाहिलं तर?”

“कशाचा?”

“स्थानिक संज्ञाबोध. लोकल सिमँटिक परसेप्शन.”

पलीकडे पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. मग, “हां. मी मघाशी हेच सांगण्याचा प्रयत्न करत होतो.” फोन ठेवताना ते शब्द शीर्षकात घालावेत असा त्यांचा आग्रह होता. तो मला ऐकूच आला नाही असं मी दाखवलं.

मग ते वाक्य लिहायला बसलो. मी आयुष्यात हजारो वाक्यं दुरुस्त केली असतील, पण एवढं कोणी झुंजवलं नाही. विश्वासरावांनी जे चार शब्दांत सांगितलं, ‘कंट्रोलचा मानूस हाव काय’, त्याला इंग्रजीत रूप देता देता दुपार गेली. ‘रेशन शॉप’ म्हटलं की परदेशी वाचकाला युद्ध आठवतं. ‘गरिबांचं दुकान’ म्हटलं की अपमान होतो. ‘प्रेस्टिज’ लिहिलं की विश्वासराव मूर्ख वाटतात, जे ते अजिबात नाहीत. शेवटी झालं ते असं: एका वावराच्या मालकाने हा शब्द स्वस्त धान्याच्या दुकानासाठी स्थानिक वापरात असलेल्या अर्थाने घेतला, आणि फलक रस्त्यावरून दिसत असल्याने वावराला उच्च प्रतीच्या साड्या लावल्या, संशोधक पूर्वसूचना देऊन येत असल्याने हे उशिरा लक्षात आलं, म्हणून हे वावर तुलनेतून वगळलं आहे. वाक्य बरोबर होतं. पण मूळचं त्यात नव्हतं, आणि आमच्या धंद्यातलं ते नेहमीचंच दुःख आहे. बोलण्यातला जो भाग खरा असतो, तोच छापायला जाताना गळतो.

शोधपत्रिका निबंध दोन परीक्षकांना वाचायला देते. त्यांची नावं आपल्याला कधीच कळत नाहीत, हे त्यांच्या जिवाच्या दृष्टीने योग्यच आहे. उत्तरं आली. पहिल्याने टिंबांच्या चुका काढल्या. दोन माझ्या होत्या. दुसऱ्याने लिहिलं होतं की या निबंधातला हा एकच परिच्छेद त्याने दोनदा वाचला, आणि त्याला तीन गोष्टी हव्या होत्या. ‘उच्च प्रतीची’ म्हणजे काय, ते लेखकांनी कसं ठरवलं? कापड, रंग, वापर यांचा तपशील द्यावा. आणि अशा साड्यांनी नुकसान आणखी कमी झालं का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं: एकाच वावरावरून सांगता येत नाही. पहिल्या दोन्हींसाठी मात्र विश्वासरावांच्या घरी जाणं भाग होतं. त्यांनी डोळ्यांनी खूप खुणा केल्या. पण प्रणिता मोबाइलवर प्रश्न वाचून दाखवेपर्यंत कुसुमकाकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, पाण्याचे पेले घेऊन दारात उभ्या होत्या.

“कोनत्या साड्या?” त्यांनी विचारलं.

विश्वासराव भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

“अवो, कोनत्या साड्या म्हंते मी.”

“त्या आपल्या कपाटातल्या,” विश्वासराव म्हणाले. “थोड्या दिवसांसाठी.”

काकूंनी पेले खाली ठेवले. “म्हंजे तो काठ वावरात फाटला? अन् मी त्या लाँड्रीवाल्यासंग भांडून राह्यली? चारचौघात त्याले चोट्टा म्हटलं मी. तुमी तिथंच उभे होते.”

“होतो,” विश्वासराव म्हणाले.

“काही बोलले नाही.”

“तूच बोलून राह्यली होती ना.”

पुढचं संभाषण निबंधाच्या कक्षेबाहेरचं आहे. पण ते ओसरल्यावर काकू प्रणितासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “लिव. अर्धवट नको लिवू. रेशमाची, सासरहून आलेली, एकदाच नेसली. रंग चिंतामणी.” मी ‘निळा’ असं टिपत होतो. त्यांनी माझ्या कागदात डोकावलं. “निळा नाही सर. निळ्या काय कोनाच्याही असते.” चिंतामणी रंगाला इंग्रजीत शब्द नाही, हे मी त्यांना सांगितलं. “मंग तसाच लिवा,” त्या म्हणाल्या, “पाहतीन त्यायचं ते.” तो तसाच लिहिला. दुसऱ्या परीक्षकाने हरकत घेतली नाही.

स्वीकाराचं पत्र आलं तेव्हा मुदतीला फारसं काही उरलं नव्हतं. मार्गदर्शकांनी ते विभागाच्या ग्रुपवर स्वतःच्या फोटोसह टाकलं. प्रबंध सादर झाला. राहिली मौखिक परीक्षा.

ही परीक्षा खुली असते. म्हणजे कोणीही येऊन बसू शकतं. सहसा येतात ते नाश्त्यापर्यंत थांबणारे. मी मागच्या रांगेत बसलो होतो. थोड्या वेळाने शेजारी पांढऱ्या शुभ्र कपड्यांत विश्वासराव येऊन बसले. “सोयऱ्याच्या इकडं आलो होतो,” ते म्हणाले. विद्यापीठाच्या गावात त्यांचा कोणी सोयरा नाही.

बाहेरून आलेले परीक्षक शांत, बारीक आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी इंग्रजीतून दोन-चार प्रश्न विचारले. प्रणिताने नीट उत्तरं दिली. मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो प्रत्येक परीक्षक विचारतो आणि ज्याला प्रत्येक उमेदवार घाबरतो. तुमच्या या अभ्यासातली सर्वांत मोठी उणीव कोणती? प्रणिताने श्वास घेतला. मार्गदर्शकांनी डोळे मिटले.

“काय इचारून राह्यले?” विश्वासरावांनी मला हळूच विचारलं.

“कामात कमी कुठं पडली, ते विचारतात.”

ते उभे राहिले.

“ते मी हाव, साहेब,” ते म्हणाले. “पोरीनं बराबर सांगतलं होतं. मले उलटं समजलं. काही लिवाचं असन तं माह्या नावानं लिवा.”

मार्गदर्शक अर्धवट उठले आणि काय करावं न सुचून तसेच राहिले. परीक्षकांनी प्रबंधाची पानं मागे उलटली, एका पानावर बोट ठेवलं आणि मराठीत विचारलं, “म्हणजे क्षेत्र क्रमांक तीन तुम्ही?”

“तीन नंबर.”

“या. पुढे येऊन बसा.”

त्यानंतर परीक्षा चालली ती मुख्यतः विश्वासरावांची. साडी किती उंच बांधली, वारा नसेल तेव्हा काय, रोही पुढे कुणाच्या वावरात गेलं, शेजाऱ्याचं नुकसान वाढलं का. विश्वासराव एकेक सांगत होते, प्रणिता त्याला आपल्या नोंदींची जोड देत होती, आणि शेवटचा प्रश्न असा निघाला की एका वावरातून हाकललेलं रोही कुठे जातं हे मोजायला हवं. परीक्षक म्हणाले, हे तुमचं पुढचं काम. बाहेर बटाटेवडे गार होत होते आणि मार्गदर्शक घड्याळाकडे बघत होते.

मग दार बंद झालं, उघडलं, आणि प्रणिता राऊत यांना पदवी देण्याची शिफारस वाचून दाखवली गेली. पक्की नोकरी ही वेगळी गोष्ट. ती तिला अजून लागलेली नाही आणि त्यात विनोदी असं काही नाही. पण त्या क्षणी टाळ्या वाजल्या, प्रणिताने प्रथमच तोंडावर हात घेतला, आणि सगळे वड्यांकडे निघाले.

विश्वासराव मात्र पुढच्या खुर्चीवर तसेच बसून होते. मी जवळ गेलो.

“झाली काय थे पास?”

“झाली. डॉक्टर झाली.”

“बरं झालं,” ते म्हणाले. दुपट्टा नीट केला, पण उठले नाहीत. परीक्षक गेले त्या दाराकडे एकदा पाहिलं.

“अन् माहं?”